सुपातली डॉक्टरीण

हैबतीआबांचे डोळे पिवळे झाले, ही बातमी वाडीत फिरली तेव्हा लोकांनी ती थट्टाच समजली. नदी तहानेने मेली म्हणावं, तशातली गत. शिवथरच्या खोऱ्यात कावीळ म्हटली की सकपाळांचं घर, आणि सकपाळांचं घर म्हटलं की आबांच्या हातची मुळी. ती मुळी एकदा चुकून हळदीच्या वाफ्यात पडली आणि त्या साली वाफ्यातली सगळी हळद पांढरी निघाली, हे शपथेवर सांगणारी माणसं अजून हयात आहेत. त्यातल्या एकाने तीच हळद लेकीच्या लग्नात वापरली. जावई अजून तक्रार करतो म्हणतात, की लग्न झाल्यासारखं वाटत नाही. अशा माणसाला कावीळ व्हावी?

झाली होती. भातझोडणीचे दिवस, खळ्यावर पेंढ्याचा वास, आणि आबा माजघरात बाजेवर वाळक्या केळीच्या पानासारखे पडलेले. धाकटी लेक तेजश्री पुण्याहून गाडी हाकत वरंध घाट उतरली ती थेट आत आली. तिने बापाची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून पाहिलं, पाय दाबले. पोटात पाणी होतं. पायावर दाबल्या जागी खळगा राहत होता. दिवसभर झोपतात आणि रात्रभर टक्क जागे असतात असं सुप्रियावहिनीने सांगितलं, तेव्हा मात्र तिला धडकी भरली. यकृताला रक्त गाळता आलं नाही की घाण डोक्याकडे चढते आणि रात्र-दिवस उलटे होतात, हे तिने स्वतः कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. शिकवताना ते सोपं वाटायचं.

आबांनी डोळे उघडले. तिला आधी बहिणीच्या नावाने हाक मारली, मग मेलेल्या बायकोच्या, आणि मग विचारलं की भात झाकलं का.

तेजश्रीची सगळी विद्या याच घरातल्या पाट्या-वरवंट्यावर सुरू झाली होती. लहानपणी आबांची मुळी वाटून ताकात कालवायचं काम तिचं. वाटता वाटता तिच्या ध्यानात आलं की पावसाळ्यानंतर येणारे पिवळे लोक झाडून सगळे बरे होतात. काहींना रविवारी मुळी द्यायची ठरायची आणि ते शनिवारीच भाकरी मागायचे. पण मधूनच एखादा असा यायचा की ज्याला किती मुळी दिली तरी तो वाळत जायचा. आबा म्हणायचे, याची कावीळ वेगळी. वेगळी म्हणजे कशी, ते त्यांना सांगता येत नव्हतं. ते 'कशी' शोधायला पोरगी मुंबईला जाऊन डॉक्टर झाली, पुण्याच्या प्रयोगशाळेत शिरली आणि तिथेच केस पांढरे करून बसली. पाण्यातून येणारी कावीळ, गरोदर बाई सोडली तर, बहुतेकांची आपल्या पायांनी निघून जाते. रक्तातून येणारी मात्र पाहुणी म्हणून शिरते आणि कुळासारखी बसते. कुठलाच कायदा तिला उठवू शकत नाही. या दुसरीवर तेजश्रीने इतकं लिहिलं की परदेशातले डॉक्टर तिचं आडनाव वेडंवाकडं उच्चारून तिला आमंत्रणं धाडू लागले.

एकदा महाडात तिचं व्याख्यान झालं. मुळी घ्या की न घ्या, पाण्याची कावीळ बरी होतेच, असं तिने बापाला पहिल्या रांगेत बसवून सांगितलं. आबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि परतताना एस.टी.त ओळखी-अनोळखी सगळ्यांना ऐकवलं, "लेक म्हणते, मुळी देवो न देवो, माणूस बरा होतो. आता बघा हाताला गुण किती हाय, न देतापण लागू पडतो."

तर आता त्याच आबांच्या रक्तात ते कूळ सापडलं होतं. तेजश्रीचा मोठा भाऊ दीपक त्यांना कसाबसा महाडला नेऊन रक्त तपासून आला होता. हेपॅटायटिस बी. कित्येक वर्षं गप्प बसलेला विषाणू म्हातारपणी उठला होता आणि यकृत कुरतडत होता. तेजश्रीच्या पिशवीत रोजची एक गोळी होती, डोकं साफ व्हायला पोट साफ करणारं गोड औषध होतं, आणि मुंबईच्या इस्पितळात खाट सांगून ठेवलेली होती. वेळेवर सुरू केलं तर माणूस पुन्हा खळ्यावर बसून गड्यांना शिव्या देऊ शकतो, हे तिने अनेकांच्या बापांच्या बाबतीत पाहिलं होतं. उशीर झाला तर काय होतं, तेही.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाजेशी बसली. आबांनी तोंड घट्ट मिटलं.

तिला वाटलं, डोक्यातला गोंधळ असेल. पण उंबऱ्यात बसलेल्या प्रयागआत्याने सुपातलं भात पाखडत अगदी शांतपणे सांगितलं की गोंधळ नाही, कायदा आहे. प्रयागआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर परत आली ती या घराची चावी कनवटीला लावूनच बसली. ज्या गोसाव्याने सकपाळांच्या मूळ पुरुषाला मुळी दाखवली, त्याने तेव्हाच बजावलं होतं की खोऱ्याला दे, गावाला दे, वैऱ्यालाही दे, पण घरच्या हातचं औषध घरच्याला लागू पडायचं नाही. आणि हट्टाने दिलंस, तर पुढे कोणालाच लागू पडायचं नाही. म्हणून घरात कोणी पिवळं झालं की घाटाच्या पायथ्याचा नाथू यायचा, त्याच्या घरात झालं की आबा जायचे. तो नाथू वारला. त्याची पोरं नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतात आणि त्यांना मुळी आणि मुळा यातला फरक कळत नाही.

तेजश्रीने समजावलं की ही मुळी नव्हे, ही गोळी आहे. दीपकने री ओढली की औषध कंपनीचं, हात तेवढा तिचा.

"मुळी तरी आमची कुठं हाय?" आत्या म्हणाली. "ती जंगलाची. हात आमचा म्हणून औषध आमचं."

मग दीपकने सुचवलं की वहिनीच्या हातून देऊ. आत्याने विचारलं, सुप्रिया सून कोणाची? मग ठरलं की मुंबईच्या डॉक्टरलाच फोन लावून त्याच्या तोंडून सांगवू. तो डॉक्टर पडद्यावर आला, हसतमुख, चष्मेवाला, आणि पहिल्याच वाक्याला म्हणाला की आबा, मी काय सांगणार, मी मॅडमचाच विद्यार्थी, जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. झालं. आत्याने सूप खाली ठेवलं आणि हात झटकले. महाडचा डॉक्टरही तसलाच निघाला. चिठ्ठीवर त्याने लिहिलं होतं की रुग्णाच्या कन्येचा सल्ला घ्यावा. तेजश्रीने आयुष्यभर इतक्या लोकांना शहाणं केलं होतं की आता तिच्या बापाला द्यायला एकही परका डॉक्टर उरला नव्हता.

आबांना उचलून गाडीत घालावं, असं दीपकच्या मनात आलं. पण शुद्धीवर असतील तेवढ्या वेळात आबा एकच बोलत होते, आणि ते तोंड फिरवून, भिंतीला. "माझ्या एकट्यासाठी खोऱ्याचं औषध मारायचं नाय." म्हातारा मरणाला भीत नव्हता. पुढच्या पावसाळ्यात दारात येणाऱ्या पिवळ्या पोरांना भीत होता. त्याला फसवून गोळी देणं तेजश्रीच्या हातून झालं नसतं. आणि दिली असती तरी ती रोजची गोळी होती. रोज कोण फसवणार?

ओटीवर सगळे बसले आणि तिथे तेजश्रीच्या डोक्याचं खरं ताक झालं. कारण जो तो भलत्याच बाजूला जाऊन बसला होता.

मागे जमिनीच्या कागदावर तिचं नाव लावायची वेळ आली, तेव्हा याच ओटीवर दीपकने तोंड सोडलं होतं. लग्न केलं नाहीस म्हणून काय झालं, पुण्याला गेली ती पुण्याची, तुझा या घराशी संबंध काय. तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिली होती ती एकटी प्रयागआत्या. पोर या घरची आहे, तिच्या नावाचा घास या चुलीवर शिजतो, असं म्हणत तिने दीपकला दोन दिवस उंबऱ्याबाहेर जेवायला लावलं होतं. नाव लागलं. भाऊबीज मात्र तेव्हापासून फोनवर होऊ लागली.

आणि आज दीपक तळमळून सांगत होता की तेजू परकीच आहे, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, देऊ दे तिला गोळी. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणत होती की ही घरचीच, हाडामांसाची घरची, म्हणून तर हिचं औषध चालायचं नाय. जो तिला हाकलत होता तो बापाला वाचवू बघत होता आणि जी तिला धरून ठेवत होती ती बापाला मरू देत होती. कोणाच्या गळ्यात पडावं आणि कोणाशी भांडावं, तिला उमगेना. प्रयोगशाळेत असं कधी होत नसे. तिथे विषाणू एकदा शत्रू ठरला की शत्रूच राहत असे.

"लग्न केलं असतंत तर हा घोळच नव्हता," सुप्रियावहिनी भांडी आवरता आवरता म्हणाली. "सासरच्या झाला असतात. तीस वर्षं सगळे कानीकपाळी ओरडत होते ते काय उगाच?"

"मी लग्न केलं असतं तर डॉक्टर राहिले असते की नाही कोण जाणे," तेजश्री म्हणाली.

"मग आता काय, बाजारात नेऊन विकायचं तुम्हाला?"

वहिनीने टोमणा मारला आणि ती मोरीकडे वळली. पण आत्याचा हात थांबला. ती सुपाकडे बघत राहिली.

त्या खोऱ्यात ज्या बाईची पोरं जगत नाहीत, ती नवं पोर सुपात घालून शेजारणीला विकते. शेजारीण पसाभर कोंडा मोजते आणि पोर आपलं म्हणून उचलते. यमाला वाटतं, या घरात पोरच नाही; तो पुढे जातो. पोर नंतर आईच्याच दुधावर वाढतं, पण जगाच्या हिशेबी ते दुसऱ्याचं. या व्यवहारात डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या साळूबाईच्या तोडीचं गिऱ्हाईक नव्हतं. तिने घेतलेलं एकही पोर दगावलं नव्हतं, त्यामुळे लांबलांबून सुपं तिच्या दारात यायची. असं म्हणतात की तिच्या गोठ्यात शेळ्या कमी आणि नावावर लेकरं जास्त. त्यातला एक तलाठी झाला, एक कंडक्टर झाला, आणि कंडक्टर झालेला अजून तिला एस.टी.त ओळख दाखवून उभा राहतो, स्वतःची जागा देतो आणि घंटी मारायला विसरतो.

काविळीच्या औषधाला लागणारं ताक साळूबाईच्याच म्हशीचं. ते घेऊन ती नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या आत डोंगर उतरली, तेव्हा आत्याने तिला बाहेरच गाठलं. दोघी पडवीत बराच वेळ कुजबुजल्या. मग साळूबाई आत आली आणि तिने तेजश्रीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जत्रेत गाय बघावी तसं.

"एवढी मोठी पैल्यांदाच घेतेय," ती म्हणाली. "बरं हाय. पाजायला नको."

दीपक हसला. कोणीच हसत नाही हे बघून त्याने हसू आवरलं.

तेजश्रीला वाटलं, हे तर सोपं झालं. नाटकच करायचं, तर करू. गोळी पोटात गेल्याशी मतलब. ती उठायला लागली, तशी आत्याने तिचं मनगट धरलं.

"बस. आधी ऐक. दिली म्हंजे दिली. उद्या तो गेला तर तुला सुतक नाय. बाकीचे रडतील, तू दारात भेटायला आल्यासारखी उभी राशील. पिंडाला कावळा शिवला का नाय ते पण तुला दुसऱ्याच्या तोंडून कळंल. आणि मी जिती हाय तवर मी ते पाळीन. मी तुझ्यासाठी या दीपकशी भांडले व्हते, आता तुझ्याशी भांडीन. चालंल?"

तेजश्री काहीतरी बोलणार होती. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं. ते वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होतं, सभांमधून घासून गुळगुळीत झालेलं. पण बाहेर आलं नाही. विश्वास नाही तर मग कुठेतरी लागतंय कशाला, हे तिला कळेना. नाकारायला तरी ती गोष्ट आधी खरी मानावी लागते की काय, तेही कळेना. बापाचं रक्त, त्यातला विषाणू, त्या विषाणूच्या अंगावरचं कवच, सगळं तिला डोळे मिटून कागदावर काढता आलं असतं. या घरात आपण नक्की कोण आहोत, एवढंच काढता येत नव्हतं. आतून आबांचा आवाज आला. ते कोणाला तरी भाताची रास नीट लावायला सांगत होते. त्या खोलीत कोणीच नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली.

"जमिनीवरचं नाव राहू दे तिचं," दीपक एकदम बोलला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. सुप्रियावहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिशात काहीतरी शोधू लागला, पण शब्द त्याने परत घेतले नाहीत.

माजघरात बाजेसमोर सूप ठेवलं. बावन्न वर्षांची, दोन खंडांत भाषणं दिलेली बाई त्यात मावणं शक्य नव्हतं. आत्याने फक्त पावलं आत ठेवायला सांगितली. तेजश्री सुपात उभी राहिली. तळव्याला भाताचं कुसळ टोचत होतं. साळूबाईने पदरातून पसाभर कोंडा काढून सुपाच्या कडेला ओतला आणि म्हणाली की मोल दिलं, आता धन्याने सोडावी.

धनी म्हणजे आबा. बापानेच म्हणायला हवं होतं. आत्या त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगत राहिली, पुन्हा पुन्हा, लहान मुलाला सांगावं तसं. लग्नात द्यायची राहिली, ती आता देतोयस असं समज, म्हणाली. आबा सुपातल्या पावलांकडे बघत होते. त्यांना काय कळत होतं आणि काय नाही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. दीपकने बाजेची कड घट्ट धरून ठेवली होती.

बऱ्याच वेळाने आबांनी मान वर केली, पण लेकीकडे नाही.

"साळू," ते म्हणाले, "जेवाया नीट घालशील ना हिला? हिला मासं लागतात."

"घालीन."

"दिली."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. साळूबाईने तेजश्रीच्या दंडाला धरून तिला सुपातून बाहेर घेतली, पडवी ओलांडून अंगणात नेली, तुळशीपाशी क्षणभर उभी केली आणि म्हणाली की जा, आता त्या सकपाळांकडे कोण आजारी हाय ते बघून ये.

ती उंबऱ्यातून आत आली तेव्हा आबांनी तोंड उघडलं होतं. गोळी गेली. गोड औषधाचे दोन चमचे गेले. मुंबईला न्यावं लागेल असं तिने सांगितलं, तर परक्या डॉक्टरणीने सांगितल्यावर जायला पाहिजे, असं आबा म्हणाले, आणि त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही.

खरं नवल त्यानंतर घडलं. तेजश्रीने या खोऱ्यातल्या घराघरातून रक्त नेलं होतं. महापुराच्या साली तर चिखलातून चालत. याच एका घरात तिची सुई कधी चालली नव्हती, घरच्या हाताचा नियम आडवा यायचा. आता आत्या स्वतः बाही सरकवून समोर बसली. आमची आईपण अशीच पिवळी होऊन गेली, माझ्यात पण असंल तर बघ, म्हणाली. तेजश्रीने तिच्या दंडाला पट्टा आवळला. आईकडून पोरांना जन्मतानाच मिळणारा विषाणू, यावर तिने अख्खं एक पुस्तक लिहिलं होतं आणि आजी कशाने गेली, हे तिला आज कळत होतं. आत्यामागून दीपक बसला. त्याचा हात धरताना तिने पाहिलं की त्याच्या नखांच्या कडा आबांसारख्याच आहेत. त्यामागून सुप्रियावहिनी, तोंड फिरवून. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं की मला असेल तर तुमच्या भावाला होतं का, आणि तेजश्रीने कोणत्याही अनोळखी बाईला सांगितलं असतं तसं, न चिडता, सगळं समजावून सांगितलं.

डोंगर चढायच्या आधी ती पुन्हा बाजेपाशी गेली. पहाटे आबांना घेऊन मुंबईला निघायचं होतं आणि रात्री साळूबाईकडे जेवायचं ठरलं होतं; नाही जेवली तर व्यवहार कच्चा राहतो, असं आत्याचं म्हणणं. खिडकीतून डोंगरावरचं शेवटचं ऊन आबांच्या अंगावर येत होतं, त्यामुळे पिवळं कुठलं आणि ऊन कुठलं, ते वेगळं करता येत नव्हतं. आबा जागे होते. तिच्याकडे नीट, निरखून बघत होते.

"कोणाची गो तू?" त्यांनी विचारलं.

औषधाला गुण यायला अजून अवकाश होता, तेव्हा हा डोक्यात चढलेल्या घाणीचा प्रश्न असू शकत होता. व्यवहार पक्का झाला की नाही, हे म्हातारा तपासत असेल, असंही असू शकत होतं. किंवा तो नुसता थट्टा करत असेल. आयुष्यभर त्याने दुसरं केलं तरी काय? आजाऱ्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगायचे, पंजे पाखरासारखे फडफडले तर डोकं ठिकाणावर नाही, एवढी साधी परीक्षा असते. तेजश्रीला ती झोपेतही करता आली असती.

तिने त्यांना हात पुढे करायला सांगितले नाहीत.

"साळूबाईची," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. "लांबनं आलीस," ते म्हणाले, आणि आत चुलीकडे तोंड करून हाक मारली, "अगो प्रयाग, पाव्हणीला गूळ-पाणी दे."